गदा कुणाची?

उज्जैनला रेल्वेच्या एका अंगाला महाकाळाचं जुनं शहर आणि दुसऱ्या अंगाला फ्रीगंज. कागदोपत्री नाव माधवनगर, शिंदे सरकारांच्या आमदानीतलं. पण लोकांच्या तोंडी बसलं ते फ्रीगंजच. इथल्या टॉवरपासून हाकेच्या अंतरावर आमचं दुकान. वह्या, पाट्या, शाईच्या दौती, दप्तरं आणि छताच्या आकड्यांना टांगलेली खेळणी. दुकान अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी थाटलं. गल्ल्यावर हिंदी आणि मागच्या माजघरात मराठी, अशी आमची कायमची वाटणी. हिशेब हिंदीत करायचा आणि देवाला मराठीत आळवायचं. अशा दुभाषी गावात वाढलेल्यांना यातलं काही समजावून सांगायला नको.

अण्णांच्या काळी खेळण्याला नाव नसे. गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, “एक मोटर दिखाओ,” “एक गुड़िया दे दो.” बुधनीहून लाखेच्या रंगाचे भोवरे आणि खुळखुळे यायचे. क्षिप्रेकाठच्या कार्तिक मेळ्यातून उरलेली मातीची चित्रं आम्ही घाऊक घ्यायचो. बाहुलीचं नाव काय ठेवायचं, ते तिला घरी नेणारी पोर ठरवायची. बाहुलीचं लग्न कुणाशी लावायचं, तेही तीच.

जानेवारी १९८७ मध्ये दूरदर्शनवर रामायण सुरू झालं. रविवारी सकाळी फ्रीगंजचे रस्ते कसे ओस पडत, ते मी पाहिलं आहे. पंधरा दिवसांच्या आत दुकानात पोरं धनुष्यबाण मागू लागली. तेव्हा जुन्या शहरात, गोपाळ मंदिरामागच्या एका गल्लीत, बांबूचं काम करणारा एक कारागीर होता. अण्णा त्याला ‘उस्ताद’ म्हणत, म्हणून मीही म्हणे. त्याने बांबूची धनुष्यं केली आणि मग गदा. बांबूचा दांडा, वर रद्दी भिजवून केलेला लगद्याचा गोळा, त्यावर सोनेरी कागद आणि गळ्याशी लाल गोंड्याची दोरी. शनिवारी तो सायकलवरून पूल ओलांडून दोन डझन गदा घेऊन यायचा आणि रविवारी संध्याकाळी आकडे रिकामे असायचे. कुणी कुणाची परवानगी घेतली नाही. हनुमंताची गदा करायला कुणाची परवानगी घ्यायची?

याच सुमाराला दूरदर्शनवर ही-मॅन आला. पिळदार दंडांचा, सोनेरी केसांचा, तलवार उंचावून गरजणारा. त्याचा बाहुला भारतात ‘लिओ’च्या नावाने निघायचा. इंदूरच्या ठोक व्यापाऱ्याकडून मी तो पहिल्यांदा आणला, तेव्हा अण्णांनी खोकं उलटंपालटं करून पाहिलं आणि किंमत वाचून म्हणाले, “प्लास्टिक एवढंसं. मग बाकीचे पैसे कशाचे?” मी म्हटलं, “नावाचे.” त्यावर ते नुसते हसले. पण त्या दिवाळीत आमच्या वाड्यातल्या पोरांनी मातीचा किल्ला केला, तेव्हा महादरवाजावर पहारेकरी म्हणून माझ्या पुतण्याचा ही-मॅनच उभा होता. वर सिंहासनावर शिवाजीमहाराज आणि खाली हा. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही.

नावाचे पैसे म्हणजे नेमके कसले, ते मला हळूहळू कळत गेलं. धंद्यातल्या मासिकांतून, व्यापाऱ्यांच्या गप्पांतून आणि बरंचसं नंतर मुलीकडून. रामायणाच्या बाबतीत आधी कथा होती, मग गदा आली. ही-मॅनच्या बाबतीत उलटं होतं. मॅटेल कंपनीने खेळणी बाजारात आणली १९८२ साली आणि ती खपावीत म्हणून १९८३ मध्ये मालिका काढवून घेतली. एकशे तीस भागांची! म्हणजे आधी गदा आणि तिच्या मापाने बेतलेली कथा. १९८४ साली अमेरिकेच्या प्रसारण आयोगाने मुलांच्या कार्यक्रमांतल्या जाहिरातींवरची जुनी बंधनं काढून टाकली आणि मग हा पायंडाच पडला. त्याच वर्षी हॅस्ब्रोने जपानच्या ताकारा कंपनीचे मोटारीतून माणसं होणारे बाहुले घेतले, चित्रकथा काढणाऱ्यांकडून त्यांची नावं, स्वभाव आणि वैरं लिहून घेतली आणि ‘ट्रान्सफॉर्मर्स’ म्हणून विकले. बाहुल्यांचं बारसं आता पोरांऐवजी कंपनी करू लागली. ही हॅस्ब्रो आपल्याला तशी अगदीच परकी नाही. टायरवाल्या एमआरएफशी भागीदारीत तिने फनस्कूल काढली, तिचा कारखाना गोव्यात. आमच्या आकड्याला टांगलेला अमेरिकी सैनिक जी. आय. जो हा असा गोव्याहून आलेला.

त्याआधीची एक गोष्ट ऐकून तर दुकानदार म्हणून मी हातच जोडले. १९७७ च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ सिनेमा लागला आणि तुफान चालला. त्याची खेळणी काढण्याचा हक्क केनर कंपनीकडे होता, पण नाताळापर्यंत माल तयार होईना. तेव्हा त्यांनी रिकामी पाकिटं विकली! आत एक पत्र: पुढच्या वर्षी बाहुले टपालाने घरपोच येतील. आईबापांनी ती विकत घेतली, पोरांनी ती झाडाखाली ठेवली. अण्णांनी साठ वर्षांत एवढा शुद्ध नावाचा व्यवहार कधी केला नव्हता.

नावाचा हिशेब तसा साधा आहे. दप्तर कंपनी शिवत नाही, डबा कंपनी ओतत नाही, टूथब्रशही करत नाही. ते करणारे दुसरेच. कंपनी फक्त चित्र लावायला परवाना देते आणि ठोक भावाच्या शंभर रुपयांमागे, समजा, दहा रुपये आपल्याकडे घेते. त्यासाठी गोदाम नको, मजूर नकोत. माल पडून राहिला तर नुकसान दप्तरवाल्याचं. उलट दप्तरावरचं चित्र रोज शाळेत जाऊन फुकट जाहिरात करतं, ती पाहून पोर मालिका बघतं आणि मालिका बघून बाहुला मागतं. रहाटाच्या पोहऱ्यांसारखं, एक भरतो तोवर दुसरा वर येतो.

२००८ साली पोगो वाहिनीवर छोटा भीम आला. हैदराबादच्या ग्रीन गोल्ड कंपनीचा, राजीव चिलका यांनी घडवलेला. केशरी धोतर, लाडू खाल्ला की अंगात बळ. इतकी वर्षं बाहेरून आलेली नावं विकल्यावर हे आपल्या घरचं पोर बघून मला मनापासून आनंद झाला. दोनतीन वर्षांत असा काळ आला की पांढरं, कोरं दप्तर कुणी हातात धरीना. इथे माझ्या गोष्टीतला पेच आहे.

दुकानात दोन गठ्ठे असायचे. एक कंपनीचा, चकाकत्या शिक्क्याचा. दुसरा एका फिरत्या व्यापाऱ्याने आणून दिलेला, अर्ध्या किमतीचा, बिनशिक्क्याचा. गिऱ्हाईक डोळे मिचकावून म्हणायचं, “भिया, लोकलवाला दिखाओ.” मी दाखवायचो. हातगाडीवाल्याचा पोरगाही आपलं भीमाचं दप्तर पाठीला लावून ऐटीत शाळेत जायचा. यात पाप ते काय, असं मला वाटे.

२०१३ च्या दिवाळीला मुलगी घरी आली. लहानपणी ती दुकानातल्या जुन्या जमाखर्चाच्या वह्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर चित्रं काढायची. पुढे तेच शिकली आणि हैदराबादलाच एका अ‍ॅनिमेशन कंपनीत लागली. भीमाच्या कंपनीत नव्हे, दुसऱ्या एका लहानशा. धनत्रयोदशीच्या गर्दीत ती मदतीला गल्ल्याशी उभी होती. एका बाईंना दप्तर काढून देताना तिचा हात थबकला. बाई गेल्यावर तिने त्याच गठ्ठ्यातलं दुसरं दप्तर उजेडात धरलं.

“बाबा, डोळे चुकलेत.”

“कुणाचे?”

“भीमाचे. एक वर गेलाय. हे उतरवून काढलंय कुणीतरी.”

मी म्हटलं, “अगं, असू दे. स्वस्तातलं आहे.”

ती गप्प राहिली. रात्री जेवणं झाल्यावर मात्र बोलली. एका पात्राचा चेहरा ठरायला त्यांच्याकडे किती आठवडे जातात, ते तिने सांगितलं. समोरून, बाजूने, पाठीमागून. हसताना, रडताना. डोक्याच्या किती पट धड. शंभर चित्रं फाडली जातात, तेव्हा एक उभं राहतं. मग ते पडद्यावर चालवायला खोलीभर माणसं महिनोन् महिने बसतात. “वाहिनी देते त्यात सगळं भागत नाही, बाबा. दप्तरं आणि डबे विकले की त्यातून पुढच्या भागाचे पगार निघतात. ते चित्र माझं नाही. पण माझ्यासारख्याच कुणाचं तरी आहे.”

मी माझं ठेवणीतलं हत्यार काढलं. “भीम काय कुणी विकत घेतलाय? तो व्यासांचा. गदा तर त्याहून जुनी.”

“मग व्यासांचा भीम घ्या ना,” ती म्हणाली. “कोण अडवतंय? स्वतः काढा, मीच काढून देते. तुम्हाला हाच चेहरा का हवा?”

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी उस्तादांची गोष्ट काढली. म्हटलं, “आमच्या वेळी उस्तादांनी शेकडो गदा केल्या. त्यांनी कधी हक्क मागितला नाही. खेळणी अशी सगळ्यांची असतात.”

“तुम्ही त्यांना काय द्यायचात?”

मला ते आठवत होतं. दुकानदाराला भाव आठवतात. डझनाला ते जे मागत, त्यातले दोन रुपये अण्णा कमी करायचे, आणि अण्णांनंतर मीही. पुढे प्लास्टिकच्या गदा आल्या, तेव्हा मी उस्तादांना आणखी उतरायला सांगितलं. एका शनिवारी ते आले नाहीत. पुढच्याही आले नाहीत. मी चौकशी केली नाही, कारण प्लास्टिकच्या गदा इंदूरहून येतच होत्या. हे सगळं मी मुलीला सांगितलं. ती काही बोलली नाही. उठून तिने पानं उचलली.

दुसऱ्या दिवशी मी तो गठ्ठा माळ्यावर टाकला. व्यापाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. सौभाग्यवतींनी तोट्याचा आकडा पाडव्यापर्यंत तीनदा ऐकवला. त्यात काही मोठेपणा नव्हता. मुलगी जाईपर्यंत विकायची हिंमत झाली नाही आणि ती गेल्यावर विकायची लाज वाटली, एवढंच. तेव्हापासून दुकानात एक तर शिक्क्याचा माल असतो, नाहीतर कोरा. कोरी दप्तरं आता थोडीफार खपतात. हातगाडीवाल्याचं गिऱ्हाईक मात्र तुटलं. ते पुढच्या चौकात जातं, जिथे डोळे चुकलेला भीम अजून मिळतो. त्याच्या पोराला मी काय दिलं, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर त्यांचा रहाट फिरतोच आहे. मॅटेलने २०१८ मध्ये सिनेमे काढायला वेगळं खातंच उघडलं आणि २०२३ चा ‘बार्बी’ सिनेमा जगभरात १४० कोटी डॉलरच्या वर गेला. पण पोहरा कधी रिकामाही वर येतो. हॅस्ब्रोने २०१९ मध्ये सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून एक सिनेमा-मालिकांची कंपनी घेतली, आणि तिच्यातला सिनेमाचा धंदा २०२३ मध्ये सुमारे ५० कोटींना विकला. पेपा पिग नावाचं डुक्कर मात्र स्वतःकडे ठेवून घेतलं. ते बाजारात चालतं, आमच्याही दुकानात.

गेल्या दिवाळीत नातू आला होता, सात वर्षांचा. वाडा आता राहिला नाही. गच्चीत कुंड्यांची माती ओतून आम्ही किल्ला केला. त्याने आपल्या पोतडीतून मावळे काढले: एक छोटा भीम, दोन ट्रान्सफॉर्मर आणि एक डोकं तुटलेला सैनिक. सगळ्यांना त्याने मराठी नावं ठेवली होती आणि कंपन्यांनी लावून दिलेली वैरं मोडून सगळ्यांना महाराजांच्या चाकरीत घेतलं होतं. महादरवाज्यावर काय ठेवावं, ते त्याला सुचेना. मी माळ्यावर चढलो. त्या दप्तरांच्या गठ्ठ्यामागे उस्तादांची एक गदा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेली होती. सोनेरी कागद बराचसा उडाला होता, गोंडा मात्र लाल होता.

नातवाने ती दोन्ही हातांत तोलून पाहिली. खोटा शिक्का, खरा शिक्का तो आईकडून शिकला असावा. त्याने दांडा फिरवून फिरवून नाव शोधलं.

“आजोबा, ही कुणी केली?”

“एका कारागिराने. जुन्या शहरातल्या.”

“त्याचं नाव काय?”

मी दोन वर्षांपूर्वी त्या गल्लीत जाऊन आलो होतो. उस्तादांच्या जागी आता मोबाईलची कव्हरं विकतात. शेजारच्या दोन म्हाताऱ्यांनी मला दोन वेगवेगळी नावं सांगितली होती. त्यातलं एखादं मी नातवाला सहज सांगू शकलो असतो.

“विचारायचं राहून गेलं, बाळा,” मी म्हटलं.

त्याने मान हलवली आणि गदा दरवाज्याशी मातीत नीट रोवून उभी केली.