एका सुताची चूक

आमच्या घरांत वातानुकूलनाचें यंत्र येईल, असें भाकीत कोणीं पंधरा वर्षांपूर्वीं केलें असतें, तर आम्हीं त्यास हंसून वाटेस लाविलें असतें. नागपूरच्या उन्हाळ्यांत वाढणारी आमची ही तिसरी पिढी. वैशाख लागला कीं खिडक्यांस वाळ्याच्या ताट्या लावाव्या, त्यांवर तासातासानें पाणी शिंपावें, रात्रीं गच्चीवर अंथरुणें टाकावीं, आणि सूर्य रोहिणी नक्षत्रांत शिरला म्हणजे नवतपाचे नऊ दिवस दुपारीं घराबाहेर पडूं नये, हा आमचा परंपरागत शीतोपचार. पुढें ताट्यांची जागा कूलरनें घेतली, एवढाच काय तो फरक.

परंतु २०२१ सालीं आमच्या सौभाग्यवतींस दम्याचा विकार जडला, आणि कूलरची ओली हवा त्यांस सोसेनाशी झाली. डॉक्टरांनीं सांगितलें कीं, ओलसर खोलींत बुरशी धरते व ती ह्या विकारास अपायकारक असते; हवा थंड हवी, पण कोरडीही हवी. येथें एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. विलिस कॅरियर नामक अमेरिकन इंजिनियरानें १९०२ सालीं ब्रुकलिन येथें ह्या जातीच्या यंत्रणेची जी पहिली योजना आंखली, ती मनुष्याच्या सुखासाठीं नव्हेच. तेथील एका छापखान्यांत दमट हवेनें कागद फुगे आणि आंखडे, त्यामुळें रंगांवर रंग जुळत नसत. तो दमटपणा घालविण्यासाठीं ती होती. कागदासाठीं निघालेली युक्ति शंभरावर वर्षांनीं आमच्या घरच्या श्वासाच्या कामीं यावयाची होती.

२०२२ च्या चैत्रांत दीड टनाचें यंत्र घरीं आलें. टन म्हणजे यंत्राचें वजन नव्हे, हें आम्हांस तेव्हांच कळलें. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारें ९०७ किलो, बर्फ चोवीस तासांत वितळतांना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी उष्णता तितक्याच वेळांत खोलींतून काढून नेण्याचें सामर्थ्य म्हणजे एक टन. ह्या यंत्राचे भाग दोन. एक खोलींत भिंतीवर टांगावयाचा, दुसरा बाहेर उघड्या हवेंत ठेवावयाचा. आणि दोहोंस जोडणाऱ्या तांब्याच्या दोन नळ्या, एक बारीक व एक जाड. यंत्र कारखान्यांत तयार होतें, पण ह्या नळ्यांची योजना मात्र ज्याच्या-त्याच्या घरीं व्हावयाची असते. माझी चूक झाली ती येथेंच.

आमची निजण्याची खोली तळमजल्यावर आहे. तिच्या मागील भिंतीपलीकडे आमचा व शेजाऱ्यांचा सामाईक बोळ आहे. बाहेरचा पेटारा त्या भिंतीवर बसविला असता, तर नळ्या दहा-बारा फुटांत आटोपत्या. पण शेजाऱ्यांशीं आमचें कित्येक वर्षें बोलणें नव्हतें. कारण सांगतांना संकोच वाटतो. त्यांच्या आंब्याची एक फांदी आमच्या गच्चीवर येत असे. ती मीं त्यांस न विचारतां तोडविली होती. आतां त्यांच्याकडे जाऊन ‘आमच्या यंत्राचा उष्ण वारा बोळांत सोडूं काय?’ असें विचारणें मला कमीपणाचें वाटलें. सबब पेटारा गच्चीवर ठेवावयाचें ठरलें. दहा फुटांच्या नळीचे चाळीस फूट झाले, आणि त्यांतील बावीस फूट सरळ उभी चढण.

दुकानाकडून आलेल्या तरुणानें दोन सुती व चार सुती नळ्यांचीं वेटोळीं आणिलीं होतीं. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. तेव्हां बारीक नळी पाव इंच, जाड नळी अर्धा इंच. चार सुती नळी पाहून मी म्हणालों, “एवढ्या लांबच्या वाटेला ही पुरावयाची नाहीं. पांच सुती घाला.” गच्चीवरील टाकीपासून खालीं पाणी आणतांना नळ जितका रुंद तितकें पाणी चांगलें, हा माझा आयुष्यभराचा अनुभव, तोच न्याय मीं येथें लाविला. तो म्हणाला, “साहेब, पुस्तिकेंत चार सूतच लिहिलं आहे.” मीं उत्तर दिलें कीं, एका सुतानें काय होतें! तो गप्प बसला. दोन्ही टोंकांस जोड देऊन त्यानें पांच सुती नळी बसविली, आणि वरचे पैसे मीं मोठ्या समाधानानें मोजले.

एका मात्रेच्या चुकीसाठीं मीं आयुष्यभर मुलांचे गुण कापले. ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे बापडा; ह्रस्वाचें दीर्घ केलें कीं अर्थच उलटतो, हें मी तीस वर्षें फळ्यावर लिहीत आलों. तोच मी ‘एका सुतानें काय होतें’ असें म्हणालों!

दोन उन्हाळे बरे गेले. रात्रीं यंत्र इतकें मंद व निःशब्द चाले कीं, मीं पाहुण्यांपाशीं त्याची तारीफ करावी. तिसरा उन्हाळा २०२४ चा. नवतपांतील एका रात्रीं अडीचच्या सुमारास सौभाग्यवतींच्या धापेनें मला जाग आली. खोली तापली होती. यंत्राचा आंतील पंखा फिरत होता, पण वारा गरम येत होता. त्यांस बसतें केलें, औषधाचा वाफारा दिला, ओला पंचा मानेवर ठेविला आणि पहांटेपर्यंत हातपंख्यानें वारा घालीत बसलों. बोलण्याइतका श्वास त्यांना पुरत नव्हता. त्या माझा हात धरून होत्या, आणि मी एकेक श्वास मोजीत होतों. ते तीन तास मला नोकरीच्या तीस वर्षांहून मोठे वाटले.

सकाळीं ओळखीच्या एका गृहस्थांनीं एक जुने मिस्त्री पाठविले. त्यांनीं गच्चीवर जाऊन पाहिलें आणि कॉम्प्रेसर, म्हणजे वायु दाबणारें मुख्य यंत्र, जाम झाल्याचें सांगितलें. मग नळीकडे बोट करून म्हणाले, “गुरुजी, हा पाइप पांच सुती कोणीं सांगितला?” मीं म्हटलें, “मीं.” ते कांहीं बोलले नाहींत. आंतला वायु त्यांनीं रीतसर एका टांकींत काढून घेतला, तळमजल्यावर जेथें नळी चढणीस लागते तेथें ती कापली, आणि खालीं वाटी धरली. नळींतून काळपट तेल गळूं लागलें. वाटी जवळजवळ भरली.

“हें तेल वर पाहिजे होतं,” मिस्त्री म्हणाले. “कॉम्प्रेसर ह्याच्यावर जगतो.”

मग त्यांनीं जें समजावून दिलें, तें मी माझ्या भाषेंत सांगतों. आमच्या यंत्रांत आर-३२ नांवाचा वायु आहे. साध्या हवेच्या दाबाखालीं तो शून्याखालीं सुमारें ५२ अंशांवरच उकळतो. द्रवास उकळावयास उष्णता लागते, आणि ती तो खोलींतील हवेंतून घेतो. थंडाव्याचें रहस्य तें एवढेंच. झालेली वाफ जाड नळीनें कॉम्प्रेसरकडे परतते, तेथें दाबली जाते, बाहेरच्या हवेंत आपली उष्णता टाकते आणि पुन्हां द्रव होऊन खोलीकडे निघते. ह्या फेऱ्यांत कॉम्प्रेसरमधील वंगणाचा थोडा अंश तिच्याबरोबर निघून जातोच. तो कोणासही चुकवितां येत नाहीं. जातांना तेल द्रवांत मिसळून सुखानें जातें. परततांना मात्र द्रवाची वाफ झालेली असते, आणि तेल नळीच्या भिंतीस चिकटून मागें राहूं पाहतें. तें वर ओढून नेण्यास वाफेस वेग पाहिजे; उभ्या चढणींत तो सेकंदास सुमारें ५ मीटर तरी असावा, असा कारागिरांचा ठोकताळा आहे.

आतां माझ्या एका सुताचा हिशेब पहा. नळीची जाडी वजा केली, तर चार सुती नळीहून पांच सुती नळीची आंतील वाट दीडपटीहून अधिक रुंद होते. वाफ तेवढीच आणि वाट दीडपट, म्हणजे वेग त्याच प्रमाणांत घटला. शिवाय हें यंत्र इन्व्हर्टर जातीचें. खोली थंड झाली कीं तें आपण होऊन मंद होतें. “दिवसा जोरात चालतो तेव्हां थोडं तेल परत यायचं, रात्रीं मंद झाला कीं खालीं बसायचं,” असें मिस्त्री म्हणाले. ज्या निःशब्दपणाची मी पाहुण्यांपाशीं तारीफ करीत होतों, त्या शांततेंतच कॉम्प्रेसर कोरडा पडत होता. नळी पुस्तिकेबाहेरची असल्यामुळें हमीपत्रही निरुपयोगी ठरलें. त्यांत कोणाचा दोष नव्हता. सही माझीच होती.

मीं विचारलें, मग तीन सुती कां नको? वेग आणखी वाढेल! मिस्त्री हंसले. फार अरुंद वाटेंत वाफेचा दाब घसरतो, ती विरळ होऊन कॉम्प्रेसरपाशीं येते, यंत्र फार वेळ चालतें, तापतें, आणि थंडावा कमी देतें. तेव्हां रुंद नको, अरुंदही नको. योग्य तेंच माप. गच्चीवरच पेटारा ठेवणें भाग असतें, तर त्यांनीं चार सुती नळीच घेतली असती, लांबी व उंची पुस्तिकेंतील मर्यादेच्या आंत असल्याचें पाहिलें असतें, आणि त्या यंत्रास तशी सूचना असेल तर चढणीच्या पायथ्याशीं नळीस एक बांक दिला असता. त्या बांकांत तेल सांचलें कीं वाट तुंबूं लागते, आणि वाफ त्यास झटक्यानें वर ढकलते. “पण गुरुजी,” ते बोळाकडच्या भिंतीवर हात ठेवून म्हणाले, “पेटी इथं कां नाहीं लावली? सगळा प्रश्नच मिटला असता.”

ह्या प्रश्नास मजपाशीं उत्तर होतें, पण तें सांगण्यासारखें नव्हतें. मीं चपला घातल्या आणि शेजारीं गेलों. अंगणांत उभे राहून त्यांनीं माझें सर्व ऐकून घेतलें. मग म्हणाले, “अहो गुरुजी, वहिनींना रात्रीं एवढा त्रास झाला आणि आम्ही भिंतीपलीकडे निजलों होतों! हांक कां नाहीं मारली?” आंब्याचा उल्लेख त्यांनीं केला नाहीं, शेवटीं तो मलाच करावा लागला.

त्याच आठवड्यांत नवा कॉम्प्रेसर बसला आणि पेटारा बोळांतील भिंतीवर आला. नळ्या अवघ्या अकरा फुटांच्या झाल्या. दोन सुती व चार सुती. मिस्त्रींचें काम मीं शेजारीं खुर्ची टाकून पाहिलें. नळी वांकवितांना त्यांनीं तिला स्प्रिंग लाविली, म्हणजे ती चेपत नाहीं. डाग देतांना आंतून नायट्रोजन वाहता ठेविला, नाहीं तर तांब्याची काजळी आंत धरते व पुढें बारीक वाटा तुंबवते. मग नायट्रोजनच्याच दाबानें गळती तपासली. ह्या कामीं ऑक्सिजन कदापि वापरूं नये, तेलाशीं गांठ पडून स्फोट होतो. नंतर पंप लावून नळ्यांतील हवा व ओल ओढून काढली, कारण हें तेल पाणी चटकन पितें आणि पुढें त्याचें आम्ल बनतें. शेवटीं दोन्ही नळ्यांवर स्वतंत्र आवरण चढविलें. आमच्या यंत्रांत दाब उतरविणारी झडप बाहेरच्या पेटाऱ्यांत असल्यामुळें बारीक नळीही थंडच असते, आणि उघडी राहिली तर तिला पाणी सुटतें.

गळतीविषयीं ते फार दक्ष होते. जुन्या आर-२२ वायूनें आकाशांतील ओझोनच्या कवचास अपाय होतो, म्हणून १९८७ च्या मॉन्ट्रियल करारान्वयें तो मागें पडत गेला. आर-३२ चा तो दोष नाहीं. पण वातावरण तापविण्याची त्याची शक्ति, शंभर वर्षांच्या हिशेबानें, कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें पावणेसातशेंपट आहे, आणि तो थोडासा ज्वालाग्राहीही आहे. म्हणून एक सैल जोड म्हणजे केवळ घरधन्याचें नुकसान नव्हे.

वाचकांपैकीं कोणी असें यंत्र घेणार असतील, तर त्यांनीं आधीं पेटाऱ्याची जागा ठरवावी, मग नळीची लांबी मोजावी, आणि रुंदी पुस्तिकेंत पाहावी. आपल्या मनास विचारूं नये. जें जें बाहेर जातें, त्यास परत येण्याची वाट ठेविली आहे कीं नाहीं, हें मात्र अवश्य विचारावें.

असो. यंत्र आतां उत्तम चालतें. परवां शेजाऱ्यांकडून कैऱ्यांची टोपली आली, तेव्हां सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, फांदी तोडायला विचारलं नाहींत, आणि भिंतीला खिळा मारायला विचारायची लाज वाटली! चाळीस फूट लांब झाली ती नळी नव्हे, तुमचं नाक.” मीं वाद घातला नाहीं. त्यांचा श्वास स्वच्छ चालत होता, आणि तो ऐकत बसणें मला अधिक आवडलें.