शंभरचं टाक

पंपावर ‘एक लिटर टाक’ असं मी आजवर कधी म्हटल्याचं आठवत नाही. ‘शंभरचं टाक’, एवढंच म्हणतो. माझे वडील, अण्णा, त्यांच्या काळात ‘वीसचं’ म्हणायचे. परवा माझ्या पुढे वाडीवरचा एक पोरगा उभा होता, फार्महाऊसवर माळीकाम करणारा. गाडीवर मागे बायको, मधे पोर. त्याने पन्नासची नोट पुढे केली. लिटर हे पंपवाल्याचं माप. आमचं माप नोट. त्यामुळे भाव वाढला म्हणून आमचा खर्च वाढतो असं नाही. शंभर ते शंभरच. त्या शंभरात मावणारा रस्ता तेवढा आखडतो.

१९९४ साली अण्णांनी जुनी हिरो होंडा सीडी हंड्रेड घेतली तेव्हा शंभराच्या नोटेत पाचेक लिटर पेट्रोल यायचं. म्हणजे आमच्या कशेळ्याहून पुण्याला जाऊन परत यायचं, आणि वर चार-पाच वेळा कर्जत करायचं, एवढा रस्ता एका नोटेत. आज त्याच नोटेत लिटरही भरत नाही. कर्जत आमच्यापासून तेरा-चौदा किलोमीटर. दोनदा जाऊन आलं की नोट संपली. पुणं त्या नोटेतून कधी गळून पडलं ते कळलंच नाही.

सीडी हंड्रेडच्या आधी आमच्याकडे लूना होती. अण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर. शाळा खांडसच्या अलीकडच्या एका वाडीवर. लूनाचा मोठा गुण म्हणजे पेट्रोल संपलं तरी ती सायकल व्हायची. महिनाअखेरीला अण्णा चढावर इंजिन चालवत, सपाटीवर पायडल मारत घरी यायचे. वाडीवरच्या पोरांना वाटायचं, गुरुजींना व्यायामाची आवड आहे. पेट्रोल तेव्हा दहा रुपयांच्या आत होतं, पण मास्तरांचा पगारही तसाच होता, हे विसरून जुनी स्वस्ताई आठवण्यात अर्थ नाही. महागाई अण्णांनाही होतीच. त्यांच्याकडे फक्त पायडल होतं.

हिरो होंडाची तेव्हाची जाहिरात सांगायची, टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा. १९८५ साली आलेल्या या गाडीने लिटरला ऐंशी किलोमीटरची स्वप्नं दाखवून अख्ख्या देशाला एक शब्द दिला: ‘ॲव्हरेज’. अजूनही आमच्या नाक्यावर कुणी नवी गाडी आणली की रंग, किंमत, कर्ज सगळं नंतर. पहिला प्रश्न, ‘ॲव्हरेज काय देते?’ पण जाहिरातीतलं ते विसरणं आमच्या वाट्याला आलं नाही. कारण पहिलीच पायरी, टाकी भरणं, आम्ही कधी केली नाही. वीस-तीस रुपयांचं टाकणारा माणूस काय विसरणार? गाडी सतत रिझर्व्हच्या आसपास. कॉक फिरवून रिझर्व्ह लावायचं, तेही संपत आलं की गाडी डाव्या अंगाला आडवी करायची. टाकी मधे उंचावलेली असते, उजव्या खळग्यात राहिलेलं पेट्रोल तसं केल्यावर डावीकडच्या कॉकपाशी येतं. त्या ओंजळभर पेट्रोलवर दोन-तीन किलोमीटर निघायचे. गाडी अशी रस्त्यात झोपवून, कान टाकीला लावून खळखळ ऐकणारा माणूस दिसला की येणारा-जाणारा विचारायचा नाही, काय झालं म्हणून. सगळ्यांना माहीत असायचं.

अण्णांची आणखी एक सवय वाईट होती. पुण्याहून येताना जुन्या रस्त्याने बोरघाट उतरायला लागला की ते इंजिन बंद करायचे. खोपोलीच्या उतारापर्यंत नुसता वारा आणि चेनचा आवाज. मी मागे त्यांचा शर्ट धरून. ड्रमचे ब्रेक, शेजारून घसरत जाणारे ट्रक, आणि अण्णा सांगताहेत की बघ, फुकट चाललोय. आज आठवलं तरी पोटात गोळा येतो. पण तेव्हा मला वाटे, माझ्या बापाने डोंगराला गंडवलंय.

भाववाढीची बातमी त्या काळी रेडिओवर यायची, ‘आज मध्यरात्रीपासून’. मग संध्याकाळी कर्जतच्या पंपावर ही रांग. एकदा अण्णा जेवण अर्ध्यावर टाकून गेले, चार लिटर भरून आले. वाढ लिटरला रुपया-दीड रुपयाची असावी. म्हणजे वाचले चार ते सहा रुपये, आणि जायला-यायला जळलं त्याहून जास्त. आईने हा हिशेब मांडल्यावर ते म्हणाले, ‘पैशाचं नाही गं ते.’ मग कशाचं, ते सांगितलं नाही. २०१० च्या जूनमध्ये पेट्रोलचा भाव सरकारच्या हातून सुटला, आणि १६ जून २०१७ पासून तो रोज सकाळी सहाला बदलू लागला. तेव्हापासून रांगा गेल्या. रोज दहा-वीस पैशांनी वाढणाऱ्या गोष्टीविरुद्ध कुणी जेवण टाकून उठत नाही. १९७३ च्या तेलटंचाईत वाजपेयी बैलगाडीतून संसदेत गेले होते. पैशापैशाने चढणाऱ्या भावाला कोणत्या दिवशी बैल जुंपायचे?

२०२० च्या एप्रिलमधली एक सकाळ मला पक्की आठवते. टाळेबंदी. अमेरिकेत कच्च्या तेलाचा वायद्याचा भाव शून्याच्या खाली गेल्याची बातमी. म्हणजे तेल न्या आणि वर पैसेही घ्या. आमच्या ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी आपापल्या गाडीकडे पाहिलं. पुढच्याच महिन्यात केंद्राने उत्पादन शुल्क वाढवून लिटरला ३२ रुपये ९८ पैशांवर नेलं. २०१४ मध्ये ते साडेनऊ रुपयांच्या आत होतं. जगात तेल फुकट झालं तेव्हा आमचा भाव उतरला नाही, आणि जगात चढलं तेव्हा मात्र चढला. कर लागतात, रस्ते त्यातूनच होतात, हे मला मान्य आहे. आमच्या दारातला मुरबाड-कर्जत रस्ता रुंद झाला, तो मी रोज वापरतो. तरी पण.

खरी गोष्ट यानंतरची. २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोल शंभरावर गेलं. त्याच सुमारास माझी ‘शंभरचं टाक’ ही नोट लिटरच्या खाली उतरली. दिवाळीला केंद्राने पाच रुपये कमी केले आणि भाव गोठला. पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्यावर २२ मार्च २०२२ पासून पुन्हा बहुतेक रोज ऐंशीएक पैशांनी वाढत गेला, तो एप्रिलमध्ये मुंबईला १२० च्या पुढे गेला. आणि नेमकी हीच वेळ एसटीच्या संपाची. नोव्हेंबर ते एप्रिल. आमच्या नाक्यावर लाल गाडी येईना. टमटमवाले मागतील तो भाव. रोज सकाळी मी कर्जत स्टेशनला निघालो की नाक्यावर दहा-बारा माणसं उभी. पूर्वीही असायची, पण तेव्हा नजर एसटीच्या वाटेवर असायची. आता ती माझ्या मागच्या सीटवर.

अण्णांचा एक नियम होता: रिकामी सीट घेऊन जायचं नाही. ‘जातोच आहेस तर’ हे तीन शब्द आमच्या घरात देवाच्या आरतीइतके वेळा म्हटले जायचे. जातोच आहेस तर शेजारच्या काकूंना नेऊन सोड. जातोच आहेस तर रेशनचं बघ, चेनला तेल आण, पाटलांच्या गाईचं औषध आण. पेट्रोल स्वस्त होतं तेव्हाही कर्जतला नुसतं जाणं त्यांना माहीत नव्हतं. नुसतं जाणं मी शिकलो. कॉलेजच्या दिवसांत संध्याकाळी पेज नदीच्या पुलावर जाऊन बसायचं, परत यायचं. आंबिवलीच्या लेण्यांपर्यंत उगाच. पावसात कोथळीगडाच्या पायथ्याशी, भजी खायला. गाडी हे माझ्यासाठी काम नव्हतं, बसल्या जागी उठून जाता येतं याचं ते सुख होतं. पेट्रोलने माझ्याकडून नेलं ते हेच, आणि ते एकदम नेलं नाही. आधी आंबिवली गेली, मग पूल. आता संध्याकाळी चावी हातात घेतली की माझंच मन विचारतं, काम काय?

तर संपातली ती सकाळ. जांबरुंगच्या बाजूची एक म्हातारी, ठाकर समाजाची, हातात औषधाची चिठ्ठी. ‘कर्जतला ने रे दादा.’ बसली, एका अंगाने, माझ्या खांद्याला घट्ट धरून. वाटेत काही बोलली नाही. कर्जतला उतरली, कनवटीची गाठ सोडली आणि वीसची नोट माझ्यापुढे धरली. आजवर कितीजणांनी अशी नोट धरली असेल, आणि मी ‘अहो राहू द्या’ म्हणून क्लच सोडला असेल. त्या दिवशी मी ती घेतली.

दिवसभर, लोकलमध्येही, मी हिशेब करत होतो. एका फेरीला जळतं पाव लिटर. एकशे दहाच्या भावाने सत्तावीस रुपये. त्यातले वीस तिने दिले. म्हणजे माझी फेरी जवळपास तिच्याच पैशाने झाली. आणि मी तर तिच्याशिवायही जाणारच होतो. रात्री अण्णांना सांगितलं. मला वाटलं रागावतील. ते फक्त म्हणाले, ‘तू जाणारच होतास ना?’ आणि वाटीतला भात कालवत राहिले.

पण एकदा घेतल्यावर नाक्यावर दर ठरला. कर्जत वीस. कुणी विचारत नव्हतं, कुणी मागत नव्हतं, उतरताना नोट यायची. बाकीचेही घेऊ लागले. घेणाऱ्याची लाज पहिल्या आठवड्यात गेली, देणाऱ्याचीही. उलट देणारा जरा ऐटीत बसू लागला. पूर्वी मागे बसलेला माणूस वाटेत थांबायला सांगताना अजीजी करायचा. आता म्हणायचा, ‘जरा बाजूला घे, विडी घेतो.’ त्यात गैर काही नाही. मलाही थांबायचं बरं वाटायचं, कारण विडी घेईपर्यंत मी इंजिन बंद करायचो. ही सवय अण्णांची, घाटातली.

संप मिटला. पुढे सगळं अशा दिशेने गेलं की मला ते उमगायला वर्ष लागलं. ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना एसटी फुकट झाली, मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट. अण्णा तेव्हा शहात्तरचे. फुकट झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी आधार कार्ड खिशात घालून एसटीने कर्जत गाठलं, काही काम नसताना. चहा पिऊन परत आले. आठवड्यातून दोनदा जातात. आयुष्यभर कामाशिवाय कर्जतला न गेलेला माणूस आता नुसता जातो. बायकोला म्हटलं, चल, बाजाराला सोडतो. ती म्हणाली, ‘अहो, एसटीने जाईन मी. तुमचं पेट्रोल जाळायला नको.’ त्या अर्ध्या तिकिटाने माझी मागची सीट रिकामी केली. आता तिथे भाजीची पिशवी असते, नाहीतर गॅसचा सिलिंडर.

मधे मी नवी गाडी घेतली, इंजेक्शनवाली. तिला कॉक नाही, रिझर्व्ह नाही. आडवी करून उपयोग नाही. टाकी कोरडी पडली तर पंप खराब होतो म्हणतात. मेकॅनिकने आणखी एक सांगितलं, तेव्हा मला अण्णांची कीव आली: उतारावर गाडी न्यूट्रल करू नका, गिअरमध्येच सोडा. गिअरमध्ये थ्रॉटल सोडला की ही गाडी पेट्रोल तोडते. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन जागं ठेवायला थोडं थोडं पीत राहते. म्हणजे कंजूषपणाही नव्याने शिकायचा. त्यात आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. लिटरमागे त्यात ताकद कमी, म्हणून ॲव्हरेज जरा उतरलं असं सगळे म्हणतात, आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. आमच्याकडच्या पावसात टाकीचं झाकण नीट बसतं की नाही हे आता मी देवदर्शनासारखं रोज पाहतो.

शेजाऱ्याने बॅटरीची स्कूटर घेतली. उन्हाळ्यात त्याच्या चेहऱ्यावरचं सुख बघवत नव्हतं. आषाढात लाईट जाऊ लागली तेव्हा तो माझ्या मागच्या सीटवर दिसू लागला. आमच्या पेजला बारा महिने पाणी असतं ते १९२२ पासून चालणाऱ्या भिवपुरीच्या वीजघरातून सुटलेलं. त्यावर उन्हाळी भातही होतो. वीज करून झालेलं ते पाणी पुलाखालून जाताना पाहत तो एकदा म्हणाला, ‘हिच्यातच वायर टाकावी म्हणतो.’

शनिवार-रविवारी पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या बुलेटींची रांग लागते, सोलनपाड्याच्या धबधब्याला, भीमाशंकरच्या वाटेवर खांडसला. पूर्वी त्यांचा राग यायचा. आता मी त्यांच्याकडे जरा हेव्याने पाहतो. ते नुसते आलेले असतात.

परवा कर्जतहून यायला रात्रीचे दहा वाजले. शेवटची एसटी गेलेली. स्टेशनबाहेर एक माणूस उभा होता, हातात खोरं, वीटभट्टीवरून घरी परतणारा असावा. ‘कशेळ्याला का?’ म्हणाला. मी म्हटलं, बसा. थंडी होती, वाटेत दोघंही बोललो नाही. नाक्यावर तो उतरला, खोरं भिंतीला टेकवलं आणि खिशात हात घालून चाचपू लागला. एका खिशात नाही, दुसऱ्यात पाहू लागला. मी गाडी बंद केली.