तीन शब्दांचं मानपत्र

ऑफिसातला फेअरवेल कसा असतो, हे तुम्हाला सांगायला नको. दुपारी एचआरचा मेल येतो. साडेचारला सगळे कॉन्फरन्स रूममध्ये उभे. टेबलावर केक, पेपर प्लेटमध्ये समोसा आणि मूठभर वेफर्स. बॉस दोन शब्द बोलतो. खरं तर तीन बोलतो : मेहनती, मनमिळाऊ, टीम प्लेअर. मागच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाच्या फेअरवेललाही हेच तीन होते. टाळ्या, फोटो, आणि पाच वाजता जो तो परत आपापल्या स्क्रीनपुढे. जाणारा माणूस नेमका कसा होता, हे कुणी सांगितलंच नाही. हे त्यालाही कळतं आणि आपल्यालाही.

मी फ्रीलान्स जर्नलिस्ट. मला फेअरवेल मिळायची शक्यता शून्य! पण लिहिता येतं म्हटल्यावर दुसऱ्यांचे फेअरवेल बरोबर माझ्या गळ्यात येऊन पडतात. यंदा एक थेट कन्हानहून आला.

कन्हान म्हणजे माझं गाव. नागपूरहून कामठी, कामठीवरून पूल ओलांडला की आम्ही. नदीचं नाव तेच गावाचं नाव. कोळशाच्या खाणी, रेल्वे स्टेशन, हायवेवरचे न संपणारे ट्रक. आमच्या शेजारच्या काकू ख्रिस्ती. काका खाणीत होते. काकूंच्या मंडळीचे पाळकसाहेब रिटायर होणार होते आणि त्यांना द्यायचं मानपत्र मी लिहावं, असं काकूंनी परस्पर ठरवून टाकलं.

"तू मास कॉम केलंस ना बाई? मंग लिहून दे. चांगले मोठमोठे शब्द टाकजो."

सोबत नमुना म्हणून त्यांनी आधीच्या पाळकांना दिलेली दोन मानपत्रं पाठवली. सोनेरी बॉर्डर, आणि आत 'कर्तव्यदक्ष, मृदुभाषी, सेवाभावी'. म्हणजे आपला कॉन्फरन्स रूमचा केकच, फक्त संस्कृतात. नावं बदलली असती तरी कुणाच्या लक्षात आलं नसतं.

मग वाटलं, अशा माणसांना चांगला निरोप कुणी तरी कधी तरी दिला असेलच की. शोधायला फार लांब जावं लागलं नाही. नागपुरात सदरला जाऊन थांबले.

सदरमधली बिशप कॉटन शाळा नागपूरकरांना पाठ असते. तिथलंच ऑल सेंट्स कॅथेड्रल मात्र आपण नुसतं बाहेरून बघतो. या चर्चचं डिझाइन केलं रिचर्ड सँकी नावाच्या तरुण इंजिनिअरनं. बंगळुरूला नोकरी केलेल्यांनी सँकी टँक पाहिला असेल, तेच हे सँकी. आणि माझ्या गावची गंमत पुढे आहे. नागपूरच्या मुक्कामात याच माणसानं कामठीच्या खाणींतून जीवाश्म गोळा केले आणि कन्हान नदीत कोळशाचे थर शोधून काढले. आमच्या काकांनी ज्या कोळशावर आयुष्य काढलं, त्याचा माग काढणारा आणि हे चर्च आखणारा माणूस एकच. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "म्हणजे आमची ओळख जुनी आहे."

१९०३ मध्ये नागपूर हा अँग्लिकन चर्चचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला आणि पहिले बिशप आले एअर चॅटर्टन. आयरिश माणूस, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकलेला, आधी हजारीबागच्या मिशनमध्ये काम केलेला. एरिया मॅनेजर म्हणून विचार केलात तर घाम फुटेल असा त्यांचा प्रदेश होता. मध्य प्रांत तर होताच, वर मध्य भारत आणि राजपुतानाही! कामठीसारख्या छावण्यांतले गोरे सैनिक एका बाजूला, खेड्यापाड्यांतली मिशनं दुसऱ्या बाजूला. काळ इंग्रजांच्या राज्याचा होता आणि चर्चही त्या राज्याला चिकटलेलं होतं, हे विसरून चालणार नाही. पण या माणसानं नुसता दौरा केला नाही. 'स्टोरी ऑफ गोंडवाना' हे या मुलखावरचं पुस्तक त्यांनी १९१६ मध्ये लिहिलं. तेवीस वर्षं काम करून १९२६ मध्ये ते निवृत्त झाले.

त्यांच्या खुर्चीत आले अॅलेक्स वुड. आणि माझी खरी गोष्ट इथे सुरू होते.

वुड स्कॉटिश मिशनचे. चांद्यात, म्हणजे आजच्या चंद्रपुरात, त्यांनी वर्षानुवर्षं काम केलेलं. चांदा नागपूरच्या बिशपच्या हद्दीत, म्हणजे चॅटर्टन त्यांचे वरिष्ठ. पुढे १९१९ मध्ये वुड छोटा नागपूरचे बिशप होऊन रांचीला गेले आणि सात वर्षांनी आपल्या जुन्या वरिष्ठांची खुर्ची सांभाळायला नागपूरला परत आले. १९३६ पर्यंत ते इथे बिशप होते. मधल्या काळात केवढा बदल झाला बघा. १९३० मध्ये भारतातलं अँग्लिकन चर्च कायद्यानं इंग्लंडच्या चर्चपासून वेगळं झालं आणि आपला कारभार आपण बघू लागलं. चॅटर्टन यांच्या काळातल्या कित्येक रीती वुड यांच्या काळात बदलल्या.

आता तुमच्या ऑफिसात काय होतं आठवा. जुना बॉस जातो, नवा येतो, सिस्टिम बदलतो. जुना बॉस कुठे तरी लग्नात भेटला की पहिलं वाक्य काय असतं? "आमच्या वेळी असं नव्हतं हो."

चॅटर्टन यांनी काय केलं? वुड यांच्या निधनानंतर, १९३९ मध्ये, त्यांच्या आठवणींचं आख्खं पुस्तक लिहिलं. आपल्यानंतर आलेल्या माणसावर, जो एकेकाळी आपल्या हाताखाली होता त्याच्यावर! तेव्हा लेखक स्वतः पंचाहत्तरी ओलांडलेले. कुठलं पद मिळायचं राहिलं नव्हतं, कुणाला खूश करायचं नव्हतं.

मला मात्र त्या पुस्तकाच्या नावानंच पकडून ठेवलं. 'अॅलेक्स वुड, बिशप ऑफ नागपूर', आणि त्याखाली तीन शब्द : मिशनरी, स्पोर्ट्समन, फिलॉसॉफर.

यातला पहिला शब्द नोकरीचा. तो व्हिजिटिंग कार्डावरही चालला असता. उरलेले दोन माणसाचे. स्पोर्ट्समन म्हणजे त्या काळी मैदानातला खेळाडू आणि रानातला शिकारीही. फिलॉसॉफर म्हणजे विचार करणारा. हे शब्द लिहायला त्या माणसाबरोबर वेळ घालवावा लागतो. 'कर्तव्यदक्ष' लिहायला नाही लागत.

मी काकूंना फोन केला. म्हटलं, "मोठे शब्द राहू द्या. साहेबांबद्दल मला तीन शब्द सांगा. त्यातला एकच चर्चमधला हवा."

काकू बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, "पाळक." हा सोपा होता. दुसऱ्याला थोडा वेळ लागला. "मेकॅनिक." मला हसू आलं. पण त्या सांगत गेल्या. साहेबांच्या स्कूटरच्या डिकीत बायबलबरोबर पाना आणि पक्कड असायची. प्रार्थनेला कुणाच्या घरी गेले आणि वर पंखा कुरकुरत असला, तर आमेन म्हटल्याबरोबर साहेब स्टुलावर. वस्तीतले निम्मे पाण्याचे पंप त्यांच्या हाताखालून गेलेले. जात-धर्म न विचारता.

तिसरा शब्द आलाच नाही. त्याऐवजी एक गोष्ट आली.

काका शेवटचे अकरा दिवस नागपूरच्या एका दवाखान्यात होते. साहेब रोज रात्री यायचे. दोन मिनिटं प्रार्थना, आणि मग खुर्ची ओढून बसायचे. काका खाणीतलं काहीबाही बोलायचे, तेच तेच. घरच्यांची ऐकायची ताकद संपली होती. साहेब रोज नव्यानं ऐकायचे. मध्येच विचारायचे, "मग पुढे काय झालं?" काका गेले त्या रात्रीही अर्धी गोष्ट राहिली होती.

"त्याईले मी कधी थँक्यू म्हटलंच नाही," काकू म्हणाल्या. "सात वर्षं झाली. दर रविवारी समोर दिसतात. पण काय म्हणून सुरुवात करायची?"

तिसरा शब्द मी लिहिला : श्रोता.

मानपत्र वाचायचं ठरलं काकूंनीच. आदल्या दिवशी त्यांचा फोन. "मेकॅनिक काहून ठेवलंस? लोकं हसतील ना." मी म्हटलं, हसू देत.

लोक हसलेच. मी मागच्या बाकावर होते. 'मेकॅनिक' म्हटल्याबरोबर आख्खं चर्च हसलं आणि त्यात साहेबांचा आवाज सगळ्यात मोठा. मग एक आजोबा उठले आणि आपल्या पंपाची हकिगत सांगायला लागले. मग कुणाची सायकल, कुणाची शिलाई मशीन. कार्यक्रम पाऊण तास लांबला, चहा गार झाला. 'श्रोता' या शब्दापाशी मात्र काकू थांबल्या. कागद खाली केला आणि जे लिहिलं नव्हतं ते बोलल्या. अकरा दिवस, खुर्ची, अर्धी गोष्ट. कुणीही हललं नाही. साहेब काही बोलले नाहीत. नुसतं ऐकत राहिले, नेहमीसारखे. जाताना त्यांनी शाल-श्रीफळ मुलाच्या हातात दिलं आणि मानपत्राचा कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला.

चहा पिताना मी त्यांना विचारलं, आता पुढे काय? ते म्हणाले, "झोप." मला डेस्मंड टुटू आठवले. दक्षिण आफ्रिकेचे अँग्लिकन आर्चबिशप, वर्णद्वेषाविरुद्ध लढलेले, नोबेल मिळालेले. आपल्या सरकारनंही त्यांना २००५ चं गांधी शांतता पारितोषिक दिलं. ते १९९६ मध्ये केपटाऊनच्या आर्चबिशपपदावरून निवृत्त झाले, पण सत्य आणि सलोखा आयोगाचं अध्यक्षपद सांभाळत होतेच. शेवटी २०१० मध्ये, एकोणऐंशीव्या वर्षी, त्यांनी सार्वजनिक आयुष्यातून निवृत्ती घेतली. प्लॅन काय, तर दुपारी बायकोबरोबर चहा प्यायचा, क्रिकेट बघायचं आणि नातवंडांना भेटायचं. जगभराचे सत्कार पाहिलेल्या माणसाची विशलिस्ट एवढीशी! मोठी माणसं खुर्ची सोडताना परत साधी माणसं व्हायला बघतात. आपण मात्र त्यांना निरोप देतो तो खुर्चीचा.

तुमच्या ऑफिसातही लवकरच कुणी तरी जाणार असेल. रिटायर होऊन, किंवा दुसरीकडे चांगलं पॅकेज मिळून. केकची ऑर्डर एचआर देईलच. तुम्ही फक्त तीन शब्द शोधा, त्यातला एकच व्हिजिटिंग कार्डावरचा. उरलेले दोन सापडत नसतील, तर तो माणूस जायच्या आत त्याच्याबरोबर एकदा चहाला जा. खुर्ची ओढून बसा आणि विचारा, "मग पुढे काय झालं?"