पाणी की आणखी काही?

गरोदर बाईचे कपडे ओले व्हायला कारणं पुष्कळ. बाळाचं डोकं मूत्राशयावर दाबलं की शिंकतानाही थोडी लघवी होते. अंगावरून पांढरं जाणं या दिवसांत वाढतंच. आणि कधी कळांचा पत्ता नसताना खरोखरच पाणमोट फुटलेली असते. दिवस भरलेल्या शंभरातल्या साधारण आठजणींचं असं होतं. सदतीस आठवड्यांच्या आत ज्यांचं फुटतं त्या शंभरात दोन-तीनच, पण झोप त्याच उडवतात. फुटलेली असताना ‘नाही’ म्हटलं तर जंतुसंसर्ग आई-बाळ दोघांना गाठू शकतो. नसताना ‘हो’ म्हटलं तर विनाकारण अ‍ॅडमिशन, अँटिबायोटिक्स, स्टिरॉइडची इंजेक्शनं आणि कधी तर नको तेव्हा आणलेल्या कळा.

म्हणून आधी मी नुसतं विचारत बसते. कधी गेलं? पायावरून ओघळलं की चड्डीपुरतं? रंग कसा होता? रोखून धरता आलं का? लघवी थोडीफार रोखता येते, गर्भजल नाही. मग स्पेक्युलम घालून खोकायला सांगायचं. पाणी डोळ्यांदेखत येताना दिसलं की विषय संपला, पुढची टेस्ट हवी कशाला? दिवस भरले नसतील आणि कळाही नसतील तर बोटांनी तपासायचं मात्र नाही. त्याने जंतू वर जातात.

दिसलं नाही तर नायट्राझिनचा पिवळा कागद. योनीतला स्राव आम्ल असतो, गर्भजल किंचित अल्कधर्मी, पीएच सातच्या जरा वर. कागद निळा होतो. पण तो रक्ताने, वीर्यानेही निळा होतो आणि काही जंतुसंसर्गांतही. त्यापेक्षा मला काचपट्टी आवडते. थेंब पसरायचा, वर दुसरी काच न ठेवता हवेवर पूर्ण वाळू द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. क्षार आणि प्रथिनं वाळताना नेच्याच्या पानासारखी नक्षी उमटते. मधला दांडा, त्याला फाटे, फाट्यांना आणखी फाटे. गर्भाशयमुखाचा चिकट स्रावही कधी अशी नक्षी दाखवतो, म्हणून थेंब योनीच्या मागच्या भागात साचलेल्या पाण्यातून घ्यायचा. घाईत सगळे इथेच चुकतात.

आता किट आली आहेत. एका प्रकारचं किट प्लॅसेंटल अल्फा मायक्रोग्लोब्युलिन-१ हे प्रथिन शोधतं, दुसरं इन्सुलिन-लाइक ग्रोथ फॅक्टर बाइंडिंग प्रोटीन-१. दोन्ही गर्भजलात भरपूर असतात आणि पडदा शाबूत असेल तर योनीत जेमतेम. पहिल्याचं प्रमाण गर्भजलात दर मिलिलिटरला हजारो नॅनोग्रॅम, योनीस्रावात एका नॅनोग्रॅमहूनही कमी. टेस्टची रेघ पाचच्या आसपास उमटते. सगळी करामत या दरीत आहे. स्वॅब मिनिटभर आत धरायचा, मिनिटभर द्रावणात फिरवायचा, पट्टी बुडवायची. पाच-दहा मिनिटांत एक रेघ किंवा दोन. स्पेक्युलमसुद्धा लागत नाही.

आणि धोका तिथेच आहे. स्पेक्युलम लागत नाही म्हणून कोणी बघेनासं होतं. रक्त फार असेल तर पट्टीवर भरवसा ठेवता येत नाही. पाणी जायचं थांबून बारा तास उलटले असतील तर खरी गळतीही हुकू शकते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने डॉक्टरांना पत्र लिहून बजावलं की निव्वळ या टेस्टवर निर्णय घेऊ नका. तसं केल्याने बाळं दगावल्याच्या तक्रारी त्यांच्याकडे आल्या होत्या. हे पत्र निवासी डॉक्टरांना मी वाचायला लावते.

माझ्या मते किट एकाच पेशंटसाठी आहे: जिची हकीकत पटते, पण पाणी दिसत नाही आणि कागद-काचपट्टीचं एकमत होत नाही. इतरांवर वापरणं म्हणजे पेशंटच्या पैशाने आपली शंका फेडणं. हकीकत पक्की असेल आणि पट्टी ‘नाही’ म्हणत असेल तर मी बाईला ठेवून घेते, कोरडं पॅड देते, काही तासांनी पुन्हा बघते. सोनोग्राफीत पाणी कमी दिसलं तर कान आणखी टवकारायचे. नीट दिसलं म्हणून मात्र गळती नाहीच असं धरायचं नाही.

घरच्यांना एवढंच सांगणं: कितवाही महिना असो, पाणी गेल्यासारखं वाटलं तर कळांची वाट बघू नका. स्वच्छ पॅड लावा, वेळ आणि रंग लक्षात ठेवा, आतून काही धुऊ नका, संबंध टाळा आणि तडक दवाखान्यात या. हिरवट किंवा रक्ताळ असेल, वास मारत असेल, बाळाची हालचाल मंदावली असेल, तर मध्यरात्र झाली तरी निघा. भिजलेलं पॅड पिशवीत घालून बरोबर आणा; आम्हाला ते बघायचं असतं.