सणाची पूर्वसंध्या

आपल्या खेड्यापाड्यांतील संसारात नवराबायकोने दोघांनीच मिळून संध्याकाळी कोठे जाऊन बसावे, ही रीत फारशी नाही. लग्नकार्याला, फेस्ताला, बाजाराला ती बरोबर निघतात. पण तेथे पोहोचताच पुरुषांचा घोळका एकीकडे होतो आणि बायकांचा दुसरीकडे. घरी म्हातारी माणसे, मुले, गुरेढोरे आणि शेजारीपाजारी यांच्या गलबल्यात दोघांचे बोलणे होते ते बहुधा मीठमिरचीपुरते. म्हणून परदेशी राहणारे एखादे जोडपे दर आठवड्याला बाहेर जेवायला जाते असे कानावर आले की, "पैसा फार झाला," असे म्हणून आपण मोकळे होतो.

गतवर्षी जून महिन्यात एका अभ्यासवर्गानिमित्त मी जर्मनीत गेलो असता, कोलोन शहरी अशी एक संध्याकाळ मला जवळून पाहावयास मिळाली. जोडपे आपल्या खानापूर तालुक्यातले. ती इस्पितळात परिचारिका, तो कारखान्यात कामाला. तिची रात्रपाळी संपून ती घरी येते तेव्हा तो डबा घेऊन दाराबाहेर पडत असतो. त्यांचा सहा वर्षांचा मुलगा गावी आजीपाशी वाढत होता. त्या म्हातारीने माझ्याबरोबर लोणच्याची बरणी पाठविली होती आणि एक निरोपही दिला होता. बरणी मी पहिल्याच दिवशी पोहोचती केली. निरोप मात्र दोघे एकत्र बसलेली असतील तेव्हाच सांगायचा, अशी तिची ताकीद होती. ती दोघे एकत्र सापडण्याची वेळ एकच, शुक्रवारची संध्याकाळ.

दिवसाचे काम संपल्यावरच्या वेळेला जर्मन लोक 'फायरआबेंड' म्हणतात. या शब्दाचा जुना अर्थ 'सणाची पूर्वसंध्या' असा होता. पुढे तोच शब्द रोजच्या कामानंतरच्या विसाव्याला लागला. ही माहिती मला त्या मुलीने दिली. "फादर, आमचा सण आठवड्यातून एकदाच येतो, पण चुकत नाही," असे ती म्हणाली.

प्रथम आम्ही कॅथेड्रलमध्ये गेलो. त्याचा पाया 1248 साली घातला गेला. सोळाव्या शतकात काम थांबले, ते 1842 साली पुन्हा सुरू झाले आणि 1880 साली पुरे झाले. त्याचे दोन मनोरे सुमारे 157 मीटर उंच आहेत. पूर्वेकडून बाळ येशूच्या दर्शनाला आलेल्या तीन राजांचे म्हणून पूजिले जाणारे अवशेष येथे सोन्याच्या पेटीत ठेविलेले आहेत. ते 1164 साली मिलानहून आणण्यात आले. त्या पेटीसमोर दोघे घटकाभर गुडघे टेकून राहिली. कोणासाठी, हे विचारण्याची गरज नव्हती.

तेथून आम्ही जवळच्या एका जुन्या मद्यगृहात गेलो. मद्यगृह म्हटल्यावर दचकू नये. तेथे आजीआजोबा नातवंडांना घेऊन जेवत होते. तिथल्या वाढप्याला 'क्योबेस' म्हणतात. आपल्या याकोब या नावाचेच ते कोलोनी रूप. 'क्योल्श' नावाची तिथली बिअर जेमतेम 200 मिलिलिटरच्या उभट पेल्यात येते. पेला रिकामा झाला की वाढपी न विचारता दुसरा आणून ठेवितो आणि पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने रेघ ओढितो. नको असेल तर तीच चकती पेल्यावर झाकायची. "अर्धा कोंबडा मागवू नका हं फादर," नवरा हसत म्हणाला, "त्या नावाखाली राय धान्याचा पाव आणि चीज मिळतं!" आम्ही 'आकाश आणि पृथ्वी' नावाचा पदार्थ मागविला. त्यात झाडावरचे सफरचंद हे आकाश आणि भुईतला बटाटा ही पृथ्वी.

जेवण होत आले तेव्हा मी निरोप सांगितला. म्हातारीचे शब्द असे होते: "पोराला माझी सवय लागली. आता आईबापाची लागू दे. येऊन घेऊन जा. माझा विचार करू नका."

दोघेही गप्प झाली. वाढप्याने तिसरा पेला आणला, तेव्हा नवऱ्याने आपल्या पेल्यावर चकती झाकली.

बाहेर साडेनऊ वाजले तरी उजेड होता. आम्ही ऱ्हाईन नदीवरच्या होहेनझोलर्न पुलावर चालत गेलो. हा रेल्वेचा पूल. त्याच्या कडेने पायवाट आहे. तेथील जाळीला असंख्य कुलपे लटकलेली दिसतात. 2008 सालापासून ही प्रथा पडली. प्रेमी जोडपी आपली नावे कोरलेले कुलूप लावितात आणि किल्ली नदीत टाकून देतात. ती मुलगी बराच वेळ त्या कुलपांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "फादर, इथं माणसं प्रेमानं कुलूप लावतात. आमच्या गावात मात्र माणसं निघून गेली की घराला कुलूप लागतं. पोराला आणलं तर आईंच्या घरात कोण?"

यावर मी काही बोललो नाही. बोलावे ते त्या दोघांनी. मी चार पावले पुढे जाऊन नदीवरच्या होड्या पाहत राहिलो. एकामागून एक दोन गाड्या धडधडत गेल्या. ती दोघे कठड्याशी उभी राहून बोलत होती. मध्येच तिने डोळे पुसले, मध्येच त्याने बोटांवर काही हिशेब केला. अर्ध्या तासाने नवरा जवळ येऊन म्हणाला, "पोराला आणतो. तिकडची शाळा सुरू व्हायच्या आत. ही दिवसपाळी मागून घेईल, पगार कमी झाला तरी चालेल. आणि शुक्रवारी निघण्याआधी आईला फोन, हे ठरलं."

वर्षानुवर्षे तुंबलेला प्रश्न त्या अर्ध्या तासात सुटला. तो स्वयंपाकघरात येताजाता सुटला नसता, फोनवर तर नाहीच. त्या जेवणाला जे पैसे पडले ते चैनीचे होते, असे मला म्हणवत नाही. आपल्याकडे मद्यगृह नको आणि ऱ्हाईनही नको. रोझरी झाली, मुले निजली की ओसरीवर अर्धा तास दोघांनी बसावे आणि घरच्यांनी त्यांना बसू द्यावे.

मुलगा ऑगस्टमध्ये गेला. आजी आता घरी एकटी असते आणि शुक्रवारी रात्री साडेआठला फोनची वाट पाहते. ज्यांना जमेल त्यांनी इतर दिवशी संध्याकाळी तिच्या ओट्यावर जाऊन बसावे. तिला बोलायला आवडते, आणि लोणच्याची कृती ती कोणालाही सांगते.