वाडींतले दिवे

कऱ्हाडाहून पाटणमार्गें कुंभार्ली घाट उतरून चिपळुणास यावें, म्हणजे वस्ती करण्याच्या दोन अगदीं निराळ्या तऱ्हा एकाच सकाळीं पाहावयास मिळतात. घाटावरील गांव भिंतीस भिंत लावून बसलेलें. मध्यें घरें, सभोंवार शेतें. घाटाखालीं मात्र गांव शोधावेंच लागतें. डोंगराच्या कुशीस एक वाडी, पऱ्ह्यापलीकडे दुसरी. आणि वाडींतहि प्रत्येक घर आपापल्या जांभ्याच्या गडग्याआड, माड-पोफळींत दडलेलें. कोंकणी मनुष्यास शेजार नकोसा असतो, ही घाटावरची थट्टा मला पटत नाहीं. सपाट जमीन तुकड्यातुकड्यांनीं, तीहि भातास हवी. मग घरें विखुरणारच.

शिवाय हें विखुरलेपण एकलकोंडें नव्हतें. वाडीचा पाटच घ्या ना. पावसाळा सरला कीं सर्व घरांनीं मिळून पऱ्ह्याला दगडमातीचा बांध घालावयाचा, पाट साफ करावयाचा आणि पाळीपाळीनें आगर शिंपावयाचें. दहांपैकीं सहा घरांना कुलूप लागलें, तर उरलेल्या चौघांच्यानें बांध निभत नाहीं. आणि त्या चौघांत दोन विधवा व एक सत्तरीचे गृहस्थ असले म्हणजे हिशेब सांगावयासच नको. मी उतरलों होतों त्या वाडींत पाटाच्या जागीं आतां काळे नळ आहेत, ज्याचा त्याचा निराळा.

१९९८ सालीं कोंकण रेल्वे पूर्ण झाली, तेव्हां माणसें परततील असें आमच्या घरींहि बोललें जाई. पुढें २००१ ते २०११ या दहा वर्षांत महाराष्ट्राची लोकसंख्या शेंकडा १६ नें वाढली. रत्नागिरी जिल्ह्याची मात्र सुमारें १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर उतरली. सिंधुदुर्गाचीहि घटली. रत्नागिरींत दर हजार पुरुषांमागें ११२२ स्त्रिया, हा २०११ च्याच खानेसुमारींतला आंकडा. पुरुष मुंबईच्या गिरण्यांनीं नेले म्हणावें, तर १९८२ च्या संपानंतर गिरण्या मोडल्या. मुंबईची वाट कांहीं मोडली नाहीं.

गणपतींत मात्र कुलुपें निघतात. मी गेलों तेव्हां तो सण उलटून महिना झाला होता. रात्रीं ओटीवर बसलों असतां घरच्या काकू म्हणाल्या, "पूर्वीं इथून सात दिवे दिसत."

खालच्या अंगाला एक दिवा दिसत होता. "तें घर उघडें आहे वाटतं?" मीं विचारलें.

"छे! किल्ली माझ्याकडे असते. रोज सांजेला जाऊन मीच लावून येतें."