वेर्चेल्लीचा भात

इटलींत, पो नदीच्या खोऱ्यांत, वेर्चेल्ली शहराभोंवतीं कोसच्या कोस भातखाचरें पसरलीं आहेत; १८६६ सालीं पुरा झालेला कावूर कालवा त्यांना पाणी पुरवितो. तेथें एका घरीं मी रिसोत्तो रांधावयास शिकलों. संवयीप्रमाणें तांदूळ धुवूं लागतांच घरच्या आजीबाईंनीं माझा हात धरला. सारा दाटपणा दाण्यावरील पिठांत. साय मुळींच लागत नाहीं. लोण्यावर कांदा व तांदूळ परतून, मटार-गाजर घालून, भाज्या उकळलेलें कढत पाणी पळीपळीनें जिरवीत १८ मिनिटें ढवळावें. शेवटीं पुन्हां लोणी. वासराच्या जठराच्या विरजणाचें म्हणून चीज मात्र मीं वगळलें. आजीबाईंनीं तरुणपणीं याच खाचरांत गुडघाभर पाण्यांत वांकून तण उपटलें होतें. पानांतलें एक शीतही न टाकणारी माझी आजी त्या दिवशीं मला तेथें भेटली.